दुचाकीस्वार टोळ्या : कॅलिफोर्निया ते बुलढाणा

‘धूम स्टाईलने मंगळसूत्र लंपास’ हा मथळा मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर गेली दोन दशके इतका रुळला आहे, की ‘धूम’ हा शब्द २००४ साली प्रदर्शित झालेल्या एका हिंदी चित्रपटावरून आला, हे अनेकांच्या लक्षातही राहिलेले नाही. मुंबईत मोटारसायकलींवरून दरोडे घालणारी टोळी हा त्या चित्रपटाचा विषय होता. पडद्यावरील टोळीजवळ भारी गाड्या होत्या आणि डोक्यावर चकचकीत शिरस्त्राणे होती. प्रत्यक्षात बुलढाणा, अकोला किंवा जळगावसारख्या जिल्ह्यांत पोलिसांना ज्या टोळ्यांशी सामना करावा लागतो, त्यांचे वाहन बहुधा शंभर-सव्वाशे सीसीचे, साधे आणि अनेकदा चोरीचेच असते. जगभर ‘आउटलॉ बायकर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्या आणि आपल्याकडील या टोळ्या यांत वेगवान दुचाकीखेरीज फारसे साम्य नाही. तथापि टोळीला कायद्याच्या कक्षेत आणायचे कसे, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच आहे.

पाठीवरचे बोधचिन्ह

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, मोटारसायकलस्वारांच्या क्लबांची संख्या झपाट्याने वाढली. युद्धावरून परतलेले अनेक तरुण या क्लबांत होते. १९४७ च्या जुलै महिन्यात हॉलिस्टर या लहानशा गावी भरलेल्या मोटारसायकल मेळाव्यात दंगामस्ती झाली आणि तिची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. १९५३ साली मार्लन ब्रँडोची भूमिका असलेला ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट याच घटनेच्या प्रेरणेने निघाला आणि चामडी जाकीट घातलेला बंडखोर मोटारसायकलस्वार ही प्रतिमा रूढ झाली. ‘हेल्स एंजल्स’ या क्लबची स्थापना १९४८ साली कॅलिफोर्नियातच झाली होती. ‘बँडिडोज’ १९६६ मध्ये टेक्सासमध्ये, तर ‘मंगोल्स’ १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाले. ‘आउटलॉज’ हा क्लब मात्र आपली परंपरा १९३५ पासूनची असल्याचे सांगतो.

या क्लबांची रचना लष्करी शिस्तीची असते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, शिस्तपालक आणि कोषाध्यक्ष अशी पदे, उमेदवारीचा दीर्घ काळ आणि त्यानंतर पाठीवर लावण्यास मिळणारे बोधचिन्ह असा हा क्रम होय. ‘मोटारसायकल चालविणाऱ्यांपैकी ९९ टक्के लोक कायदा पाळणारे असतात’ या आशयाचे एक विधान अमेरिकेतील मोटारसायकल संघटनेच्या नावावर खपविले जाते. ते विधान संघटनेने केल्याचा पुरावा सापडत नाही. परंतु उरलेला एक टक्का आपणच, असे म्हणत या क्लबांनी ‘वन पर्सेंटर’ हे बिरूद अभिमानाने मिरवले. त्यांच्यातील काहींचा पुढे अमली पदार्थांच्या व्यापाराशी आणि खंडणीशी संबंध आला आणि प्रतिस्पर्धी क्लबांशी रक्तरंजित संघर्ष सुरू झाले.

ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळ मिलपेरा येथे २ सप्टेंबर १९८४ रोजी ‘कोमान्चेरो’ आणि ‘बँडिडोज’ यांच्यात झालेल्या गोळीबारात सातजण ठार झाले. त्यांत १४ वर्षांची एक मुलगी होती. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९९४ ते २००२ या काळात चाललेल्या टोळीयुद्धात दीडशेहून अधिक बळी गेले. १९९५ साली मॉन्ट्रियलमध्ये एका बॉम्बस्फोटात ११ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला, तेव्हा लोकक्षोभ उसळला. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे व फिनलंड या देशांनीही १९९० च्या दशकाच्या मध्यास अशाच संघर्षाचा अनुभव घेतला.

कायदे आणि त्यांच्या मर्यादा

अमेरिकेने १९७० साली केलेला ‘रिको’ कायदा या टोळ्यांविरुद्ध वापरला. एखाद्या सुट्या गुन्ह्याऐवजी गुन्ह्यांची साखळी आणि ती चालविणारी संघटना यांच्यावरच खटला भरण्याची सोय या कायद्याने केली. कॅनडाने १९९७ साली टोळीविरोधी कायदा केला आणि मार्च २००१ मध्ये एकाच मोहिमेत शंभराहून अधिक जणांना अटक केली. त्या टोळीयुद्धातील प्रमुख आरोपी मोरिस बूशे याला २००२ साली जन्मठेप झाली. डेन्मार्कने १९९६ साली टोळ्यांना निवासी भागातील आपल्या क्लबघरांत जमण्यास मनाई करण्याचा अधिकार पोलिसांना दिला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१३ साली टोळीच्या सदस्यांना जादा शिक्षा देणारा अतिकठोर कायदा केला. मात्र तीनच वर्षांनी, २०१६ साली, तो मागे घेऊन त्याजागी दुसरी व्यवस्था आणण्याचा निर्णय झाला.

पोलिसांच्या बाजूने शिकण्यासारखे धडे अपयशातूनही मिळाले. टेक्सासमधील वेको येथे १७ मे २०१५ रोजी दोन गटांत चकमक उडून नऊजण ठार झाले. पोलिसांनी १७७ जणांना जवळजवळ एकाच साच्यातील आरोपांखाली अटक केली. २०१९ पर्यंत सर्व खटले मागे घेतले गेले. एकालाही शिक्षा झाली नाही. क्वेबेकमध्ये २००९ साली दीडशेवर आरोपींना पकडण्यात आले होते. त्यांपैकी ३१ जणांना खटल्याच्या विलंबामुळे २०११ मध्ये न्यायालयाने मोकळे केले आणि २०१५ मध्ये आणखी पाचजणांचा खटला सरकार पक्षाने पुरावा वेळेवर उघड न केल्याने थांबविण्यात आला. ‘मंगोल्स’च्या बोधचिन्हाची मालकीच सरकारजमा करण्याचा अमेरिकी सरकारचा प्रयत्नही २०१९ साली न्यायाधीशांनी घटनाबाह्य ठरविला. टोळीचे चिन्ह अंगावर असणे आणि विशिष्ट गुन्हा केल्याचे सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणांनी अधोरेखित केले.

वऱ्हाडची पूर्वपीठिका

वेगवान वाहन आणि सरहद्दीचा आडोसा यांच्या बळावर लूट करणाऱ्या टोळ्या वऱ्हाडला नवीन नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांनी या मुलखात धुमाकूळ घातला होता. त्यांचे वाहन घोडे होते. सामानाचे ओझे ते बाळगत नसत आणि एका राज्यकर्त्याच्या हद्दीत लूट करून दुसऱ्याच्या हद्दीत शिरत. विणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या मेहकरसारख्या संपन्न कसब्याला त्यांची मोठी झळ बसली आणि १८०३ च्या दुष्काळाने उरलीसुरली भरभराटही संपली. १८१७-१८ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने अनेक दिशांनी सैन्य पाठवून पेंढाऱ्यांची कोंडी केली. त्यांचा एक प्रमुख सरदार चितू हा बुऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडच्या परिसरातील जंगलात आश्रयाला गेला असता वाघाच्या तोंडी पडला. हे जंगल आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेपासून फार दूर नाही.

पेंढाऱ्यांनंतर ठगांचा क्रम आला. १८३६ च्या ठगीविरोधी कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरविला; विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज राहिली नाही. त्यापुढचे पाऊल अधिक घातक ठरले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जातीजमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. हजेरी, परवान्याशिवाय गाव न सोडण्याची सक्ती आणि तारेच्या कुंपणातील वसाहती हे त्या कायद्याचे फळ होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला तरी संशयाची सवय गेली नाही. वऱ्हाडात फासेपारधी समाजाच्या वस्त्या आहेत आणि परिसरात चोरी झाली की पोलिसांचे वाहन प्रथम तेथेच येते, ही त्या समाजाची जुनी तक्रार आहे.

महाराष्ट्रातील टोळ्यांचे स्वरूप

आज महाराष्ट्रात दुचाकीवरून होणाऱ्या संघटित गुन्ह्यांचे स्थूलमानाने चार प्रकार दिसतात. पहिला प्रकार सोनसाखळी चोरीचा. दोघे दुचाकीवर असतात. पुढचा गाडी चालवितो आणि मागचा दागिना हिसकावतो. पहाटे फिरावयास निघालेल्या किंवा लग्नसमारंभाहून परतणाऱ्या स्त्रिया, सणासुदीची गर्दी आणि देवस्थानांचे रस्ते ही त्यांची आवडती ठिकाणे. दागिना लगेच सराफाकडे किंवा मध्यस्थाकडे जातो आणि वितळवून त्याची लगड केली जाते. मग मंगळसूत्राची ओळख उरत नाही आणि मुद्देमाल हस्तगत झाला तरी फिर्यादीस तो आपलाच असे सांगता येत नाही.

दुसरा प्रकार दुचाकी चोरीचा. शहरातील वाहनतळ, रुग्णालये आणि आठवडी बाजार येथून चोरलेली दुचाकी कागदपत्रांशिवाय, कमी किमतीत खेड्यात विकली जाते. चेसिस व इंजिन क्रमांक खरवडून बदलले जातात. काही गाड्या सुट्या भागांच्या रूपाने बाजारात जातात. हीच चोरीची दुचाकी पुढे साखळी चोरीसाठी किंवा लुटीसाठी वापरली जाते आणि कॅमेऱ्यात दिसलेल्या क्रमांकावरून पोलीस भलत्याच मालकाच्या दारी पोहोचतात.

तिसरा प्रकार दहशतीचा. पुण्यात २०२२ च्या अखेरीस ‘कोयता गँग’ हा शब्द चर्चेत आला. दुचाकीवरून कोयते मिरवीत येणारे, उभ्या वाहनांची तोडफोड करून परिसरात धाक बसविणारे हे तरुण असत आणि त्यांत अल्पवयीनांचा भरणा होता. विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनातही हा विषय गाजला. चौथा प्रकार सुपारी घेऊन केलेल्या हत्यांचा. पत्रकार ज्योतिर्मय डे यांची ११ जून २०११ रोजी मुंबईत पवई येथे दुचाकीवरून आलेल्या मारेकऱ्यांनी हत्या केली. विशेष न्यायालयाने २०१८ मध्ये छोटा राजनसह नऊजणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

कर्णकर्कश सायलेन्सर लावून रस्त्यावर धिंगाणा घालणारे तरुण हा स्वतंत्र विषय आहे. असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडण्याची दृश्ये वेळोवेळी प्रसिद्ध होत असतात. तो मोटार वाहन कायद्याचा भंग असला तरी ती टोळी नव्हे. त्याचप्रमाणे सुटीच्या दिवशी एकत्र भटकंती करणारे बुलेटस्वारांचे क्लबही गुन्हेगारीशी जोडणे अन्यायाचे होय. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंडाची तरतूद केली आहे. तिसऱ्या प्रकारच्या टोळ्यांना मुळातच रोखण्याचा तो एक मार्ग ठरू शकतो.

मोक्का आणि टोळीचा पुरावा

मुंबईतील टोळीयुद्धाच्या पार्श्वभूमीवर १९९९ साली महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजेच मोक्का, अस्तित्वात आला. पुढे ठाणे, मुंबई व अन्य शहरांतील पोलिसांनी तो साखळी चोरांच्या टोळ्यांनाही लावला. या कायद्याची किल्ली ‘सततचे बेकायदा कृत्य’ या व्याख्येत आहे. तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा, तो टोळीचा सदस्य म्हणून केलेला, आणि मागील दहा वर्षांत अशा एकाहून अधिक गुन्ह्यांची दोषारोपपत्रे न्यायालयाने दखल घेतलेली असणे या तिच्या मुख्य अटी होत. शिक्षा किमान पाच वर्षे ते जन्मठेप आणि दंड किमान पाच लाख रुपये. दोषारोपपत्र दाखल करण्याची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते आणि जामीन मिळणे अत्यंत कठीण असते.

एवढा कठोर कायदा हाती देताना विधिमंडळाने काही अटीही घातल्या. पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेशिवाय गुन्हा नोंदविता येत नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा. कबुलीजबाब अधीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्यापुढेच ग्राह्य. आणि खटल्यासाठी अपर पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी आवश्यक. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एका प्रकरणात स्पष्ट केले, की केवळ जुन्या दोषारोपपत्रांच्या आधारे, नवा गुन्हा घडलेला नसताना, हा कायदा लावता येणार नाही. २०२२ साली त्याच न्यायालयाने असेही सांगितले, की एकाहून अधिक दोषारोपपत्रांची अट टोळीला लागू आहे. टोळीतील प्रत्येक व्यक्तीविरुद्ध ती पूर्ण व्हावी असे नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने या चित्रात भर घातली आहे. हिसकावून केलेली चोरी हा कलम ३०४ नुसार प्रथमच स्वतंत्र गुन्हा झाला. कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या चोऱ्या व हिसकावणीसाठी एक ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे, तर कलम १११ मधील संघटित गुन्ह्यांच्या व्याख्येत वाहनचोरीचाही समावेश आहे. यांखेरीज महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ नुसार टोळीला हद्दपार करता येते आणि १९८१ च्या ‘एमपीडीए’ कायद्याखाली धोकादायक व्यक्तीस एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. मात्र हद्दपार झालेला दुचाकीस्वार शेजारच्या जिल्ह्यात तोच उद्योग सुरू करतो, ही या उपायाची उघड मर्यादा आहे.

बुलढाणा : सीमांचा जिल्हा

बुलढाण्याच्या नकाशाकडे पाहिले म्हणजे प्रश्नाचे मर्म कळते. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेने दुभंगला आहे. वर पठारावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर. भोवती जळगाव, छत्रपती संभाजीनगर, जालना, वाशीम व अकोला हे जिल्हे आणि उत्तरेस सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेश. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. परंतु त्यावर दुचाकींना मज्जाव आहे. त्यामुळे दुचाकीवरील गुन्हेगाराची वाट जुन्या रस्त्यांवरूनच जाते. मलकापूर-नांदुरा-खामगाव हा राष्ट्रीय महामार्ग, राजूरचा घाट आणि आडवाटेची गावे अशा या वाटा आहेत. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनासाठी आणि होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेसाठी लोटणारी गर्दी ही पोलिसांची आणखी एक चिंता.

समजा, जालन्यात ‘एमएच २१’ क्रमांकाची एक दुचाकी चोरीस गेली, दोन दिवसांनी तिच्यावरून चिखलीत एका महिलेचे मंगळसूत्र हिसकावले गेले आणि तिसऱ्या दिवशी तीच गाडी ‘एमएच २८’ अशी बुलढाण्याची खोटी पाटी लावून बुऱ्हाणपूरकडे विकली गेली. तीन पोलीस ठाणी, दोन राज्ये आणि तीन वेगळ्या नोंदी. प्रत्येक ठाण्याच्या दप्तरी तो किरकोळ गुन्हा, आरोपी ‘अज्ञात’. हे तिन्ही कागद एकत्र आले तरच टोळी दिसू लागते. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतील स्थानिक गुन्हे शाखेचे खरे काम हेच आहे, आणि मोक्का लावायचा तर तिने जुळविलेला प्रस्ताव अमरावती परिक्षेत्राच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे मान्यतेसाठी जातो. एका ठाण्यातील तपास हवालदाराने दोषारोपपत्र वेळेत पाठविले नाही, तर ‘एकाहून अधिक’ ही अट तेथेच अडकते.

यासाठी आवश्यक साधने आता उपलब्ध आहेत. गुन्ह्यांच्या नोंदी जोडणारी सीसीटीएनएस प्रणाली राज्यभर २०१५ पासून कार्यरत आहे. ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीत क्रमांक टाकताच मालक कळतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची झाली आणि जुन्या वाहनांसाठीही राज्यात मोहीम हाती घेण्यात आली. नाकाबंदीत पट्टीबरोबर चेसिस क्रमांक पडताळण्याची सवय लागली, तर चोरीची दुचाकी फार दूर जाऊ शकत नाही. चोरीचे सोने विकत घेणाऱ्यापर्यंत तपास पोहोचला, तर हिसकावणीचा नफाच आटतो.

शिक्का नको, साखळी हवी

पाश्चात्य टोळी आपली ओळख पाठीवर मिरवते; आपल्याकडील टोळी ती हेल्मेटखाली आणि खोट्या पाटीमागे लपविते. म्हणून येथे टोळी सिद्ध करण्याची लढाई रस्त्यावरील पाठलागापेक्षा पोलीस ठाण्याच्या दप्तरात अधिक लढली जाते. ही मेहनत टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे विशिष्ट वस्तीवर किंवा समाजावर बोट ठेवणे. कल्याणजवळच्या आंबिवली येथील इराणी वस्तीत साखळी चोरांच्या शोधासाठी गेलेल्या पोलीस पथकांवर दगडफेकीचे प्रकार वारंवार घडले आहेत आणि तेथील सराईतांवर कारवाई होणे आवश्यकच आहे. परंतु त्यासाठी सबंध वस्तीलाच टोळी मानणे म्हणजे १८७१ च्या कायद्याकडे मागल्या दाराने परतणे होय. वेकोच्या १७७ अटकांचा शेवटही हेच सांगतो. सरसकट पकडलेल्यांत खरा गुन्हेगार असला, तरी न्यायालयात तो इतरांबरोबरच सुटून जातो.

नागरिकांचा वाटा येथेच सुरू होतो. दागिना गेला, पण ‘कोठे कोर्टकचेरीच्या मागे लागायचे’ म्हणून फिर्याद न देणारे अनेकजण असतात. लग्नासाठी परगावी आलेले तर हमखास. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात त्याची नोंद करता येते. बिलाची पावती, दागिन्याचे छायाचित्र, दुचाकीचा रंग, अंगावरील कपडे, पळून गेल्याची दिशा असा बारीकसारीक तपशील तीच फिर्याद दुसऱ्या जिल्ह्यातील फिर्यादीशी जोडू शकतो. टोळीचा इतिहास न्यायालयापुढे अशा नोंदींतूनच उभा राहतो. न नोंदविलेला गुन्हा कोणत्याही टोळीच्या खात्यावर जमा होत नाही.